प्रयोगाचा निकाल उलटा आला, मॅडमशी बोलले, आणि आता परिकल्पनेपाशी अडलेय

अर्धविराम

मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला प्रायोगिक मानसशास्त्राचं जर्नल असतं आणि त्यातला एक प्रयोग स्वतः आखून, स्वतः सहभागी गोळा करून करायचा असतो. मी स्मृतीचा विषय घेतला होता. परवा त्यावर मॅडमशी जवळजवळ पाऊण तास बोलणं झालं. ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय. शेवटी एक प्रश्नही आहे.

प्रयोग साधा होता. दीड पानाचा एक उतारा, विषय सगळ्यांना सारखाच अनोळखी. २४ सहभागी, चिठ्ठ्या टाकून १२-१२ चे दोन गट. दोन्ही गटांनी उतारा एकदा वाचला. मग पहिल्या गटानं तोच पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. मधे पाच मिनिटं बेरजा-वजाबाक्या दिल्या आणि मग दोन्ही गटांची शेवटची चाचणी घेतली: उताऱ्यातलं जे जे आठवतंय ते लिहा. उताऱ्याचे ३० मुद्दे मी आधीच पाडून ठेवले होते, प्रत्येक मुद्द्याला एक गुण.

माझी परिकल्पना होती की आठवून लिहिणाऱ्या गटाचं मध्यमान जास्त येईल. चाचणी-परिणाम वर्गात शिकलो होतो: नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला तपासलं की जास्त लक्षात राहतं. त्यामुळे निकालाबद्दल मला जराही शंका नव्हती.

आलं उलटं. पुन्हा वाचणाऱ्यांचं मध्यमान २१.३, आठवून लिहिणाऱ्यांचं १८.९. दोन मध्यमानांतला फरक योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी टी-चाचणी केली, पी-मूल्य ०.११.

दोन रात्री मी त्या उत्तरपत्रिका घेऊन बसले. दुसऱ्या गटातल्या तिघांनी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यातला एक जण त्या दिवशी पेंगत होता असं मला आठवलं, दुसरीला मधेच फोन आला होता. ते तिघं काढून पुन्हा हिशोब केला तर गट जवळजवळ बरोबरीत आले. मॅडमकडे जाताना मी दोन्ही हिशोब नेले. खरं सांगायचं तर त्यांनी दुसऱ्यावर मान हलवावी, एवढ्यासाठीच गेले होते.

मॅडमनी कागद पाहिले आणि विचारलं, "हा पेंगत होता हे तू कुठे लिहून ठेवलंयस?"

मी म्हटलं, लिहिलं नाही, आठवलं.

"कधी आठवलं? गुण मोजायच्या आधी की नंतर?"

मी गप्प. मग त्या म्हणाल्या, "पहिल्या गटात कोण पेंगत होतं, ते शोधलंस?"

नव्हतं शोधलं. शोधावं असं मनातही आलं नव्हतं. त्या गटाचे गुण बघून मला त्रास झाला नव्हता, म्हणून त्या बारा जणांकडे मी माणसं म्हणून पाहिलंच नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि फार लाज वाटली. मॅडम रागावल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

मग त्यांनी विषयच बदलला. "शेवटची चाचणी किती वेळानं घेतलीस?" पाच मिनिटांनी, म्हटलं. "मूळ निबंध वाचलायस की नोट्स?" नोट्स. त्यांनी संगणकावर निबंध उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. रोडिगर आणि कार्पिक, २००६. १२० विद्यार्थी, दोन उतारे, सात मिनिटं वाचन, मग एका उताऱ्याचं पुनर्वाचन आणि दुसऱ्याचं आठवून लेखन. पण त्यांनी शेवटची चाचणी तीन वेगवेगळ्या अंतरांनी घेतली होती. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुनर्वाचन पुढे होतं: ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी ५४ विरुद्ध ६८. आठवड्यानं ४२ विरुद्ध ५६. म्हणजे पाच मिनिटांनी आठवून लिहिणारे मागेच होते, आणि अंतर वाढलं तशी बाजी पलटली.

मी तो तक्ता बघतच राहिले. जो निकाल मी दोन रात्री लपवू पाहत होते, तसाच निकाल पहिल्या ओळीत छापलेला होता.

मी इतकी खूश झाले की लगेच म्हटलं, "मग मी परिकल्पना बदलते. लिहिते की पाच मिनिटांनी पुनर्वाचन पुढे असेल."

मॅडम म्हणाल्या, नाही. "दहा मिनिटांपूर्वी हे तुला माहीत नव्हतं. तुझ्या परिकल्पनेला तारीख आहे, ती प्रयोगाच्या आधीची आहे. चर्चेत हवं ते लिही, प्रस्तावनेतलं वाक्य बदलू नकोस."

माझा प्रश्न असा. मॅडमचं म्हणणं पटतंय. पण जुनी परिकल्पना तशीच ठेवली तर परीक्षकाला पहिल्याच पानावर दिसणार की मी मूळ निबंध न वाचता प्रयोग आखला. खोटे आकडे तर मी घालत नाहीये. आकडे तेच, समजूत फक्त सुधारलेली. मग प्रस्तावना सुधारण्यात नेमकं चुकतं काय? आणि जर्नल तपासणारे याकडे कसं बघतात?

तिसरा_बाक

मी शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून परीक्षेच्या बाजूनं सांगतो. बाहेरचा परीक्षक एका दुपारी चाळीस जर्नलं बघतो. परिकल्पना, निकाल, "परिकल्पना स्वीकारली" असं सरळ दिसलं की पान उलटतो. "परिकल्पना स्वीकारता आली नाही" दिसलं की थांबतो आणि प्रश्न विचारतो. आमच्या बॅचमध्ये असे प्रश्न ज्यांना आले त्यांची तोंडी परीक्षा अवघड गेली. तुझ्या मॅडमचं तत्त्व बरोबर आहे, पण गुण त्या देणार नाहीत. तू आकडे बदलत नाहीयेस. मी असतो तर बदलली असती.

जुना_फळा

गेली एकोणीस वर्षं पदवीच्या वर्गांना प्रायोगिक मानसशास्त्र शिकवतेय, जर्नलंही तपासते. आधी अर्धविरामला: तू केलेलं काम चांगलं आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेस, गुणांकनाचे मुद्दे आधी ठरवलेस, मधे गणितं दिलीस. एवढं सगळे करत नाहीत.

आता तुझा प्रश्न. निकाल कळल्यावर परिकल्पना लिहायची आणि ती आधीपासून होती असं दाखवायचं, या प्रकाराला आमच्या विषयात नाव आहे. नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये त्यावर निबंध लिहिला, तेव्हापासून त्याला हार्किंग म्हणतात. त्यातलं चुकीचं काय, हे मी वर्गात असं सांगते. भाकीत फसण्याची शक्यता असते, म्हणून ते खरं ठरलं तर त्याला वजन. बाण लागल्यावर भोवती वर्तुळ काढलं तर नेम कधीच चुकत नाही, पण मग नेमबाजीबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. तुझे आकडे खरे राहतील हे मान्य. पण वाचणाऱ्याला तू सांगशील की ही परिकल्पना कसोटीला लागली आणि उतरली. ती कसोटीला लागलेलीच नाही. खोटं तिथे आहे.

आणि तिसरा_बाक, पान उलटणारे परीक्षक असतात, नाकारत नाही. पण मला निकाल उलटा आलेलं जर्नल दिसलं की मी थेट चर्चेचा भाग उघडते, कारण या मुलानं विचार केलाय की नाही हे तिथेच कळतं. ज्या जर्नलांत चाळीसच्या चाळीस परिकल्पना स्वीकारल्या गेलेल्या असतात, तिथे मला वाईट वाटतं. इतकी भाकितं कुणाचीच खरी ठरत नाहीत. मुलांना आपणच घाबरवलंय, हे मला त्यातून दिसतं.

निळी_शाई

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

पदव्युत्तरच्या प्रबंधात माझा विषय ताण आणि झोप असा होता. प्रश्नावल्या भरून घ्यायला चार महिने लागले. सहसंबंध आला तो शून्याच्या आसपास. मार्गदर्शकांकडे गेले तर त्यांनी यादी मागितली, पेन्सिल घेतली आणि नावांवर फुल्या मारायला सुरुवात केली. "हिनं घाईत भरलंय, हा गंभीर वाटत नाही." अकरा नावं गेली. सहसंबंध आला, सार्थक आला, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा. प्रबंधाला चांगली श्रेणी मिळाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या अकरा जणांतल्या एका मुलीनं प्रश्नावली भरताना मला विचारलं होतं, "हे खरंच कुणी वाचणार आहे ना? म्हणजे मी नीट लिहिते." तिनं खूप विचार करून भरलं होतं. मी तिला हो म्हटलं होतं. त्या प्रबंधाचा विषय निघाला की मला आकडे आठवत नाहीत, ती आठवते.

तुझ्या मॅडमनी "पहिल्या गटात कोण पेंगत होतं" हे विचारलं. माझ्या आयुष्यात तेव्हा कुणी ते विचारलं असतं तर, असं फार वाटलं. ते तिघं ठेव.

सरळरेष

संख्याशास्त्राच्या बाजूनं थोडं. सहभागी गाळणं, परिकल्पना बदलणं या गोष्टी एकेकट्या किरकोळ वाटतात. सिमन्स, नेल्सन आणि सायमन्सन यांनी २०११ मध्ये दाखवलं की अशा सवलती एकत्र आल्या की काय होतं. दोन मापांपैकी सोयीचं निवडणं, निकाल बघून आणखी सहभागी घेणं, एखादा गटच गाळणं, स्त्री-पुरुष हा चल, म्हणजे बदलणारा घटक, हवा तेव्हा गणितात आणणं. या चारही सवलती घेतल्या तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना 'सार्थक' निकाल मिळण्याचं प्रमाण ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जातं. याच पद्धतीनं त्यांनी खऱ्या सहभागींवर असंही 'सिद्ध' करून दाखवलं की एक ठरावीक गाणं ऐकल्यानं माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षानं कमी होतं. मनस्थिती नव्हे, जन्मतारखेवरून मोजलेलं वय. अशक्य गोष्ट सार्थक निघू शकते, हेच त्यांना दाखवायचं होतं.

पण अर्धविराम, तुझ्या पोस्टमधली एक गोष्ट मला वेगळ्या कारणानं खटकली, आणि ती इथे अजून कुणी बोललेलं नाही. तू म्हणतेस निकाल "उलटा आला". पी-मूल्य ०.११ असताना तसं म्हणता येत नाही. ०.११ चा अर्थ असा: दोन्ही पद्धतींत मुळात काहीच फरक नसता, तरीही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता ११ टक्के होती. सार्थक म्हणायला ती सहसा ५ टक्क्यांच्या खाली लागते. फरक नाही असंही यातून ठरत नाही, पुनर्वाचन चांगलं असंही ठरत नाही.

१२-१२ च्या गटांत फक्त फार मोठा परिणाम पकडता येतो. परिणाम किती मोठा हे सांगणाऱ्या कोहेन यांच्या मोजमापात ०.५ हा मध्यम परिणाम. तो ८० टक्के खात्रीनं पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. १२ जणांत तेवढी खात्री साधारण १.२ एवढ्या मोठ्या परिणामालाच मिळते. त्यामुळे मॅडमनी दाखवलेला तक्ता आणि तुझा निकाल जुळतात, हे चर्चेत जरूर लिही, पण "म्हणूनच असं झालं" असं लिहू नकोस. ते एक शक्य स्पष्टीकरण आहे. योगायोग हे दुसरं, आणि तेही तितकंच उभं आहे.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी_शाई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तिघं राहणार, ते पक्कं.

सरळरेष, हे मला खरंच दिसलं नव्हतं. म्हणजे आधी मी नको असलेला निकाल घालवायला निघाले होते, आणि मग स्पष्टीकरण आवडलं तेव्हा तोच निकाल गरजेपेक्षा घट्ट धरून बसले. दोन्ही वेळा आकडे तेच होते.

आता एक विचार आहे. त्याच २४ जणांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं आणि तीच चाचणी घेतली तर? बाजी पलटते का ते कळेल. सगळे यायला तयार आहेत.

पाणवठा

कळणार नाही. पाच मिनिटांनंतरची चाचणी तू दोन्ही गटांची घेतली आहेस. म्हणजे पुनर्वाचनवाल्या गटानंही एकदा आठवून लिहिलेलं आहे. तुझ्याकडे आता 'एकदाही न तपासलेला' गट उरलेलाच नाही. एका गटानं एकदा आठवलंय, दुसऱ्यानं दोनदा, एवढाच फरक आहे.

रोडिगर-कार्पिक यांनी तिन्ही अंतरांना वेगवेगळी माणसं घेतली ती याचसाठी. आठवणं हे नुसतं मोजमाप नसतं, आठवताना स्मृती बदलते. या शोधाचं सगळं सार त्यातच आहे, आणि म्हणूनच स्मृतीचा प्रयोग आखणं इतकं अवघड असतं. वजनकाट्यावर उभं राहिल्यानं वजन बदलत नाही. स्मृती तपासली की बदलते.

थोडं विषयांतर. एबिंगहाउसनं १८८५ मध्ये विस्मरणाचा वक्र मांडला तेव्हा त्यालाही ही अडचण होती. सहभागी एकच, तो स्वतः. त्यानं निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि प्रत्येक यादी एकाच अंतरानंतर तपासली, दुसऱ्या अंतरासाठी दुसऱ्या याद्या. आणि किती आठवतंय हे न विचारता, तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत, एका दिवसानं ३४, महिन्यानं २१. बचतीची कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. काहीच आठवत नाही असं वाटत असतानाही पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो, म्हणजे आत काहीतरी शिल्लक असतंच.

तिसरा_बाक

वरचं सगळं वाचून माझं मत थोडं हललंय, ते प्रामाणिकपणे सांगतो. पण एक शंका शिल्लक आहे. मोठे संशोधक तरी असं करतात का? सगळ्या निबंधांत परिकल्पना खऱ्याच निघालेल्या दिसतात. नियम फक्त विद्यार्थ्यांना का?

सरळरेष

शंका अगदी योग्य आहे, आणि हा विषय गेल्या पंधरा वर्षांत त्यावरूनच ढवळून निघालाय. २०१५ मध्ये एका मोठ्या संशोधकगटानं मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांत ९७ टक्के निकाल सार्थक होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्के. परिणामाचा आकारही सरासरी निम्म्यावर आला. मूळ संशोधक लबाड होते असा याचा अर्थ नाही. बहुतेकांनी तेच केलं असेल जे अर्धविराम दोन रात्री करत होती: नको असलेल्या आकड्यांना कारणं शोधली, हव्या असलेल्यांना शोधली नाहीत.

त्यावर निघालेला एक उपाय तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. नोंदणीकृत अहवाल. यात परिकल्पना आणि पद्धत आधी नियतकालिकाकडे पाठवायची, ते तपासतात आणि स्वीकारतात, आणि मगच माहिती गोळा करायची. निकाल काहीही येवो, निबंध छापला जातो. २०१३ पासून मानसशास्त्रात हे रुळलं. २०२१ मध्ये शील आणि सहकाऱ्यांनी मोजलं: नेहमीच्या निबंधांत पहिली परिकल्पना ९६ टक्के वेळा खरी ठरलेली, नोंदणीकृत अहवालांत ४४ टक्के. आधी तारीख घालून लिहून दिलं की अर्ध्याहून जास्त वेळा माणसं चुकतात. अर्धविरामच्या मॅडम एका जर्नलापुरतं तेच करतायत.

जुना_फळा

तिसरा_बाक, मत हललं हे इथे लिहिलंस, बरं वाटलं.

अर्धविराम, आता एक प्रश्न विचारते, तुझ्या मॅडमनी कदाचित पुढच्या भेटीसाठी राखून ठेवला असेल. गुण तूच दिलेस ना? कुठली उत्तरपत्रिका कुठल्या गटाची, हे तुला गुण देताना माहीत होतं?

विचारण्याचं कारण रोझेन्थाल आणि फोड यांचा १९६३ चा प्रयोग. तोही विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातलाच आहे. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं की तुमचे उंदीर भुलभुलैयात हुशार निपजलेले आहेत, निम्म्यांना सांगितलं की मंद. प्रत्यक्षात सगळे साधे, एकसारखे. तरी 'हुशार' उंदरांची कामगिरी चांगली नोंदली गेली. विद्यार्थ्यांनी मुद्दाम काही केलं असं नव्हे. अपेक्षा हाताळण्यात उतरते, नोंदीत उतरते. उतारा आठवून लिहिलेल्या कागदावर "हा मुद्दा आला म्हणायचा की नाही" असे प्रसंग दर पानावर येतात. तिथे तुझी अपेक्षा कुठल्या गटाच्या बाजूनं होती, हे तू आणि मी जाणतोच.

अर्धविराम

माहीत होतं. गटाचं अक्षर मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यातच लिहिलं होतं.

पण मग अपेक्षा माझ्या परिकल्पनेच्या बाजूनं होती, म्हणजे मी दुसऱ्या गटाला नकळत झुकतं माप दिलं असणार. तरीही ते मागे राहिले. की मी जपून जास्तच कडक झाले? मला सांगता येत नाही, आणि हेच अस्वस्थ करतंय.

वर्गातल्या एका मैत्रिणीला तयार केलंय. कोपरे झाकून, सगळे कागद मिसळून, माझ्याच ३० मुद्द्यांवर ती पुन्हा गुण देईल. मॅडमना विचारून घेतलं, त्या हो म्हणाल्या. वर एवढंच म्हणाल्या की तिला परिकल्पना सांगू नकोस.

निळी_शाई

हे फार चांगलं केलंस. तिचे गुण वेगळे आले तर काय करायचं, हे आत्ताच, कागद तिच्या हातात द्यायच्या आधी लिहून ठेव. नाहीतर पुन्हा तोच मोह, दोन्हींतला सोयीचा निवडायचा.

अर्धविराम

लिहिलं. "दोन्ही गुणांकनं अहवालात देणार. विश्लेषण दुसऱ्या गुणांकनावर, कारण त्या वेळी गट झाकलेले होते." खाली तारीख आणि वेळ घातली आणि मॅडमना दाखवून आले.

अर्धविराम

तीन दिवसांनी. मैत्रिणीचं काम झालं. तिच्या गुणांनुसार पुनर्वाचन २१.१, आठवून लेखन १९.२. फरक थोडा कमी झाला, दिशा तीच. २४ पैकी ९ कागदांवर आमचे गुण तंतोतंत जुळले, बाकीच्यांत एक-दोन गुणांचा फरक. एका कागदावर मात्र चार गुणांचा. तो आम्ही दोघींनी एकत्र बसून वाचला. तिनं कागदावर लिहिलेलं जसंच्या तसं धरलं होतं, मी मात्र त्याला नीट आठवलंच नसणार असं धरून गुण कापले होते. तो कागद आठवून लिहिणाऱ्या गटातलाच, पण तिनं चार गुण जास्त दिले होते. म्हणजे मी कडकच झाले होते, निदान त्या एका कागदावर. तो पेंगणारा मुलगा तोच. मी त्याच्यावर आधीच चिडले होते, असं आता वाटतं.

मॅडमशी आज शेवटचं बोलणं झालं. नवे सहभागी घ्यायला वेळ नाही, त्यामुळे आठवड्याच्या अंतराचा प्रयोग पुढच्या सेमिस्टरच्या प्रकल्पासाठी ठेवलाय, या वेळी आधी लिहून, तारीख घालून. जर्नलात परिकल्पना जुनीच ठेवली. प्रस्तावनेच्या शेवटी एक वाक्य वाढवलं: "प्रयोगाची आखणी करताना मूळ निबंध वाचलेला नव्हता, तो माहितीचं विश्लेषण झाल्यावर वाचला." हे लिहायला मला संध्याकाळ लागली. मॅडमनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, पान उलटून चर्चेवर गेल्या.

चर्चेचा कच्चा मसुदा इथे टाकतेय, बघाल का?

"परिकल्पनेला आधार मिळाला नाही. दोन गटांतला फरक सार्थक नव्हता. सहभागी कमी असल्यामुळे मध्यम आकाराचा परिणाम या प्रयोगात दिसणं अवघड होतं. मध्यमानांची दिशा रोडिगर व कार्पिक (२००६) यांच्या पाच मिनिटांच्या अंतराच्या निकालाशी जुळते, पण योगायोगाची शक्यता नाकारता येत नाही. पुनर्वाचनानं तात्पुरतं जास्त लक्षात राहतं आणि आठवून लिहिण्याचा फायदा नंतर दिसतो, हे पूर्वी सिद्ध झालेलं असल्यानं पुढील प्रयोगात अंतर हा दुसरा स्वतंत्र चल घ्यावा आणि प्रत्येक अंतरासाठी वेगळे सहभागी असावेत. गुणांकन करणाऱ्या व्यक्तीस गट माहीत नसावा."

सरळरेष

छान आहे. एकच जागा: "पूर्वी सिद्ध झालेलं असल्यानं". एका निबंधानं सिद्ध होत नाही, आणि तू वाचलायस तो एकच. "पूर्वीच्या अभ्यासात आढळलेलं असल्यानं" लिही.

पाणवठा

त्याच निबंधातला दुसरा प्रयोगही वाच, पुढच्या सेमिस्टरला उपयोगी पडेल. तिथे १८० विद्यार्थी होते. एका गटानं उतारा चार सत्रांत फक्त वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचला, सरासरी तीन-साडेतीन वेळा, आणि पुढची तीन सत्रं आठवून लिहिलं. आठवड्यानं पहिल्याला ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१. आणि आपल्याला जास्त आठवेल, अशी खात्री पहिल्या गटालाच जास्त वाटत होती.

तिसरा_बाक

तोंडी परीक्षा झाली की काय विचारलं ते इथे लिही. माझी पुढच्या महिन्यात आहे. मीही एका प्रयोगाची परिकल्पना परत होती तशी लिहिलीय.

अर्धविराम

लिहीन नक्की. "सिद्ध" काढलं. जर्नल उद्या सकाळी देतेय.